बेडकाचा आमरण सांभाळ

तेत्सुजी कुरामोची गेली तीस वर्षं पोटासाठी शहरं तुडवत होता. शहरं पुठ्ठ्याची असत, फार तर कंबरेएवढी. तीही ठरल्या जागी पाय टाकूनच तुडवायची, नाहीतर सुतारखात्यातली माणसं दिवसभर बोलत नसत. राक्षसाच्या सिनेमात राक्षसाच्या कातड्याच्या आत जो माणूस असतो, तो हा. पुठ्ठा तुडवून तुडवून त्याचे गुडघे मात्र खरेखुरे झिजले होते. पडद्यावर त्याचं तोंड कधी दिसलं नाही, कोपऱ्यावरचा भाजीवाला त्याला ओळखत नसे, आणि त्याचं त्याला फारसं काही वाटतही नसे. वाटलंच तर ऑगस्टमध्ये वाटायचं. तामा नदीकाठच्या त्या पत्र्याच्या स्टुडिओत भर उन्हाळ्यात रबरी कातड्यात शिरायचं म्हणजे उकडीच्या मोदकात सारण होऊन बसायचं.

या वेळचा राक्षस होता दोरोगामा. चिखलातून वर आलेला, पंधरा मजली उंच बेडूक. सिनेमाची गोष्ट अशी की एक कुटुंब जत्रेतून लहानसा बेडूक विकत घेतं, हौस फिटली की कारखान्यामागच्या डबक्यात टाकून मोकळं होतं, डबक्यात नको ते पाणी झिरपतं आणि बेडूक फुगत जातो. बेडकी फुगली म्हणून बैल होत नाही असं आपण म्हणतो, इथं डोंगर झाला. मग तो शहरावर चालून येतो, आणि शेवटी सेनापती डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, "याला आपणच घडवलं. जबाबदारी आपली आहे." एवढं बोलून तो क्षेपणास्त्र सोडतो. बेडूक मरतो, सेनापती सलाम ठोकतो, व्हायोलिन वाजतात.

दिग्दर्शक कासुगाई नवा होता, बुद्धिमान होता आणि आपण बुद्धिमान आहोत हे त्याला कुणीतरी फार लहानपणीच सांगून ठेवलं होतं. "हा सिनेमा नाही, धडा आहे," असं तो चहा देणाऱ्यालाही सांगायचा. "माणसानं प्राण्यांचं काय केलं, त्याचा धडा." आणि मग बेडकाकडे वळून ओरडायचा, "पुन्हा एकदा! या वेळी जरा जास्त वेदना दिसू देत!"

वेदना दाखवायला तेत्सुजीला अभिनय करावा लागत नव्हता. कंपनीनं ठरवलं होतं की माणसाला कातड्यात घालून काढलेला हा शेवटचा सिनेमा. पुढचे राक्षस संगणकातून निघणार. त्यांना घाम येत नाही, त्यांचे गुडघे दुखत नाहीत. कातडंविभाग बंद. तेत्सुजी एकोणसाठ वर्षांचा होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. स्टुडिओच्या मागच्या फाटकाशी कंपनीची एक खोली होती, तिच्यात तो राहायचा आणि नोकरीबरोबर तीही जाणार होती. अकिताला बहीण होती. "ये की, करू काहीतरी जागा," असं ती फोनवर म्हणाली होती, आणि त्या 'करू काहीतरी'तच जागा नाही हे त्याला कळलं होतं. सिनेमा संपला की जायचं कुठं, या एका प्रश्नानं त्याला रबराच्या आत उन्हाळाभर पोखरलं.

हे सगळं फक्त ओकिनूला ठाऊक होतं. ओकिनू कातडंविभागातली. कातडी शिवणं, चिकटवणं, फाटलं तर ठिगळ लावणं आणि तेत्सुजी आत शिरला की पाठीवरची चेन ओढणं, हे तिनंही तीस वर्षं केलं होतं. तिलाही तीच नोटीस मिळाली होती, पण ती त्याबद्दल बोलत नसे. ती फक्त चेन जरा जोरात ओढायला लागली होती.

त्या दिवशी तेत्सुजीच्या अंगात ताप होता. पूल पाडायचा प्रसंग सहा वेळा झाला, सातव्याला तो स्वतःच पुलाबरोबर पडला आणि उठला नाही. सहायक दिग्दर्शक ओगिसो धावत आला.

"काका, काय झालं? उठा की. उजेड जातोय."

"काएरु," आतून क्षीण आवाज आला.

आता जपानी भाषेची एक गंमत आहे. काएरु म्हणजे 'मी घरी जातो', आणि काएरु म्हणजेच बेडूक. म्हणून तर लोक पाकिटात इवलासा बेडूक बाळगतात, गेलेला पैसा घरी परत यावा म्हणून. दोन्ही शब्दांच्या उच्चारात हेलाचा बारीकसा फरक आहे. पण इंचभर जाड रबरातून तो हेल बाहेर येत नाही.

"घरी कसले जाताय? अजून तीन इमारती बाकी आहेत!" ओगिसो म्हणाला आणि कासुगाईला सांगायला पळाला.

नेमक्या त्याच वेळी हानावाबाई आत आल्या.

हानावाबाई प्राणीकल्याण देखरेख मंडळाच्या. सिनेमाच्या सुरुवातीला डझनभर खरे बेडूक लागणार होते, आणि शेवटी पडद्यावर 'या चित्रपटात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही' असं लिहायचं तर मंडळाचा माणूस हजर हवा. ठेंगणी, करड्या रंगाचा कोट घातलेली बाई, हातात थर्मामीटर. खरे बेडूक अजून यायचे होते. बाईंना दिसला तो एवढाच, जमिनीवर पालथा पडलेला, धापा टाकणारा.

त्यांनी गुडघ्यावर बसून थर्मामीटर त्याच्या तोंडात घातलं. आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"तू कोण?" त्यांनी विचारलं. मंडळाची तशी रीत होती. हजर असेल त्याला विचारायचं.

"काएरु... काएरु..."

"बेडूक," बाई म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "या बेडकाचा मालक कोण आहे?"

निर्माते मिनोबेसाहेब हात चोळत पुढे आले. "अहो बाई, तो बेडूक नाही. म्हणजे आहे, पण आत माणूस आहे."

"प्रत्येक जनावराच्या आत कुणीतरी असतंच," हानावाबाई म्हणाल्या. "आमचं मंडळ कातड्याच्या आत डोकावत नाही. डोकावायला लागलो तर एकही खाटीकखाना चालायचा नाही. याला पाणी कधी दाखवलंत?"

मिनोबेंनी ओगिसोकडे पाहिलं, ओगिसोनं ओकिनूकडे, ओकिनूनं छताकडे.

"मालकाचं नाव सांगा, नाहीतर शूटिंग बंद."

तासाभरात पंखे आले. बर्फाच्या लाद्या आल्या. दर वीस मिनिटांनी विश्रांती, डोक्यावर ओलं फडकं, कानाजवळ सुरुंग नाही, सात वेळा पूल नाही. तीस वर्षं तेत्सुजी ज्यासाठी हात जोडत होता ते सगळं चुटकीसरशी झालं, कारण मागणारा माणूस नव्हता. संध्याकाळी पंख्यासमोर बसून त्यानं बेडकाचं डोकं काढलं आणि थंड बार्लीचा चहा ओठाला लावला. तेवढ्यात विजेच्या खात्यातला एकजण आला आणि पंखा उचलून न्यायला लागला.

"अरे, राहू दे की," तेत्सुजी म्हणाला.

"काका, हा बेडकाचा पंखा आहे. बाईंनी सांगितलंय, माणसांनी वापरायचा नाही."

तेत्सुजीनं काही क्षण विचार केला आणि डोकं परत घातलं. पंखा परत आला.

त्या दिवसापासून तो सेटवर डोकं काढेनासा झाला. ओकिनू भाताचे मुटके बेडकाच्या जबड्यातून आत सरकवायची. हानावाबाईंनी हे पाहिलं आणि आक्षेप घेतला.

"बेडूक भात खात नाही. किडे द्या. जिवंत."

आतून घुसमटल्यासारखा आवाज आला.

"याला किडे पचत नाहीत हो, बाई," ओकिनू शांतपणे म्हणाली. "म्हातारा झालाय. कोलंबी चालेल? तीही किड्यांच्याच नात्यातली ना?"

बाईंनी विचार केला. "चालेल. पण ताजी."

"तळून देते. ताजी तळलेली."

जन्मात पहिल्यांदा तेत्सुजीला रोज दुपारी गरम तळलेली कोलंबी मिळू लागली. "तुझी मजा आहे बाबा," ओकिनू चेन लावताना म्हणायची. "आम्हाला कुणी बेडूक म्हणत नाही."

"अगं, मग तूही म्हण की."

"मला शोभेल का रे या वयात?"

दोघंही हसायची. खोली महिनाअखेर सोडायची होती. रात्री तो खोलीत परतायचा, कपड्यांनी अर्धी भरलेली बॅग पाहायचा आणि वाटायचं, पंख्यासमोरच झोपलो असतो तर बरं झालं असतं. माणूस म्हणून आपलं काही चुकलं का, असंही त्याला वाटायचं, आणि मग स्वतःचाच राग यायचा. त्यानं काहीच चुकीचं केलं नव्हतं. त्यानं फक्त 'हो साहेब' म्हटलं होतं, आणि असं तीस वर्षं म्हणणाऱ्याला कुणी पाणी विचारत नाही.

पुढच्या आठवड्यात पत्रकार परिषद झाली. मंचावर मिनोबे, कासुगाई, हानावाबाई, आणि हात हलवायला दोरोगामा. कासुगाई जबाबदारी या विषयावर बराच वेळ बोलला. प्राणी म्हणजे खेळणं नव्हे, आणणं सोपं, सांभाळणं कठीण, आणि आणलं की शेवटपर्यंत सांभाळायचं. बोलणं चांगलं होतं, उगाच खोटं का सांगा. ते संपल्यावर मागच्या रांगेतली एक पत्रकार मुलगी उठली.

"मग सिनेमा संपल्यावर दोरोगामाचं काय करणार?"

मिनोबे सवयीनं बोलून गेले, "गोदामात टाकू, नाहीतर भंगा..."

हानावाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मिनोबेंच्या कपाळावर घाम आला. ते उठले, टेबलावर कपाळ टेकेल इतके वाकले आणि म्हणाले, "आमची कंपनी त्याचा आमरण सांभाळ करील!"

आमरण सांभाळ. हा शब्द त्या देशात प्राण्यांच्या कायद्यातला आहे, पाळीव कुत्र्याच्या पिशवीवरसुद्धा छापलेला असतो. माणसांच्या नोकरीच्या कागदावर तो कुठंच नसतो. टाळ्या कडाडल्या, दिवे लखलखले, आणि रबराच्या आत तेत्सुजी कुरामोचीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आपलं नाव कुणी घेतलं नव्हतं हे त्याला कळत होतं. तरी आलं.

मंचावरून उतरतो न उतरतो तोच कर्मचारीविभागातला एक माणूस आला आणि त्यानं बेडकाच्या पोटावर टकटक केली.

"कुरामोची-सान, आत आहात ना? ते खोलीचं जरा बोलायचं होतं. शूटिंग संपेल त्याच दिवशी किल्ली दिलीत तर बरं. खोल्या पाडून तिथं काहीतरी बांधायचंय म्हणतात. आणि इतकी वर्षं, खूप कष्ट घेतलेत, धन्यवाद."

"बाजूला व्हा," हानावाबाई मधे आल्या. "गर्दीनं प्राणी घाबरलाय. काय सांगायचं ते मालकाला सांगा."

"मालकाकडूनच आलोय," तो म्हणाला आणि वाकून नमस्कार करून निघून गेला.

आता उरला मरणाचा प्रसंग. सेनापती तयार होता, क्षेपणास्त्र तारेवर टांगलेलं होतं. हानावाबाई सेटच्या मध्यभागी येऊन उभ्या राहिल्या.

"हा प्राणी मरणार नाही."

"मरायलाच हवा!" कासुगाई ओरडला. "नाही मेला तर धडा कसला?"

"जबाबदारी आमची, असं तुमचा सेनापती म्हणतो?"

"म्हणतो. तोच तर गाभा आहे!"

"आणि लगेच क्षेपणास्त्र सोडतो?"

"हो."

"मग त्यानं जबाबदारी घेतली की हात झटकले?"

आपल्या सिनेमाचा अर्थ दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची कासुगाईला सवय नव्हती, आणि तो ऐकून बरं वाटत नव्हतं. तो पुठ्ठ्याच्या स्टेशनवर जाऊन बसला. ते त्याच्या वजनानं चेपलं. तिथूनच त्यानं विचारलं, "मग बेडूक काय करतो?"

तेव्हा आतून, रबरातून, घोगरा आवाज आला. "काएरु."

"अरे वा!" कासुगाई ताडकन उठला. "बेडूक घरी जातो! काएरु काएरु! कसं सुचलं मला!"

शेवटच्या दिवशी दुपारी तो प्रसंग झाला. सेनापतीनं सलाम ठोकला, सैन्यानं वाट करून दिली, आणि दोरोगामा पुठ्ठ्याच्या शहरातून कुठलीही इमारत न पाडता पावलं जपत आपल्या डबक्याकडे निघाला. गुडघे दुखत होते म्हणून तो हळू चालला. बघणाऱ्यांना वाटलं, काय अभिनय आहे. सुतारखात्यातला एक म्हातारा तर डोळे पुसत म्हणाला, "तीस वर्षांत पहिल्यांदाच यानं माझं काही मोडलं नाही."

"संपलं!" ओगिसो ओरडला. टाळ्या झाल्या. मिनोबे फुलांचा गुच्छ घेऊन पुढे आले. तेल गेलं, तूप गेलं आणि हाती निदान फुलं तरी आली, असं काहीसं तेत्सुजीच्या मनात आलं.

"कुरामोची-सान, तीस वर्षं! खूप खूप कष्ट घेतलेत. या आता, बाहेर या, फोटो काढू."

ओकिनू मागे गेली. तिनं चेन धरली, पण खाली ओढली नाही.

"तेत्सु," ती हळूच म्हणाली, "ओढू का?"

किल्ली त्याच्या विजारीच्या खिशात होती, मांडीला टोचत होती. बाहेर आलं की ती द्यायची, बॅग उचलायची, स्टेशनवर जायचं. तिथून पुढची गाडी कुठली, हे त्यानं अजून ठरवलं नव्हतं.

तेवढ्यात हानावाबाई आल्या. खरे बेडूक त्यांनी सकाळीच भातखाचरात सोडून दिले होते. हा एकच राहिला होता. सुरुवातीला जसं विचारलं तसंच शेवटी विचारायचं, अशी मंडळाची रीत होती.

"तू कोण?"

सगळे हसले. मिनोबेही हसले. "अहो बाई, आता पुरे ना. हे आमचे कुरामोची-सान."

"असं?" बाई त्यांच्याकडे वळल्या. "कुरामोची-सानांची जबाबदारी कुणी घेतली आहे का? शेवटपर्यंतची? घेतली असेल तर सांगा, मी आत्ता निघते."

मिनोबेंचं हसू ओठांवरच थांबलं. त्यांनी गुच्छ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. पंखा तेवढा फिरत होता.

"मग मला उत्तर ऐकू द्या," बाई म्हणाल्या. "तू कोण?"

तेत्सुजीनं डोळे मिटले. एकोणसाठ वर्षं जपलेलं नाव होतं, वडिलांनी हौसेनं ठेवलेलं. ते सांगितलं असतं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. लाज वाटली, फार वाटली. मग तो म्हणाला, "काएरु."

"बेडूक," हानावाबाई म्हणाल्या. "ठीक. तळं, सावली, पंखा, रोज ताजी कोलंबी. आमरण. तुम्ही टेबलावर कपाळ टेकून म्हणालात, मिनोबेसाहेब, साऱ्या देशानं पाहिलंय. जागा कुठं देताय?"

मिनोबेंनी रुमालानं मान पुसली. "मागच्या फाटकाशी... खोल्या पाडतोय, तिथं..."

"कशाला पाडता? तशाच राहू द्या. बेडकाला ओळखीची जागा बरी."

ओकिनूनं चेन सोडून दिली. तीस वर्षं तिनं त्या रबरातून येणारा आवाज ऐकला होता. 'पाणी', 'पाठ खाजव', 'आज नको गं'. हेल इतरांना कळत नसेल, तिला कळायचा. तो 'बेडूक' म्हणाला नव्हता, 'घरी जातो' म्हणाला होता. ती वळली आणि एक शब्द न बोलता गोदामाकडे चालू लागली.

"ओकिनू-सान, फोटो!" ओगिसोनं हाक मारली. ती थांबली नाही.

फोटो काढायची तयारी होईपर्यंत ती परत आली. म्हणजे जे परत आलं ते फार जुनं कातडं होतं. तेत्सुजीनं पहिल्या सिनेमात घातलेलं, एका गोगलगाईचं की माशाचं, ते तेव्हाही कुणाला नीट कळलं नव्हतं. रबराला भेगा पडल्या होत्या, एक डोळा गळून पडला होता आणि पाठीवरची चेन अर्धीच लागली होती, कारण ती ओढायला कुणी नव्हतं. ते डुलत डुलत आलं आणि दोरोगामाच्या शेजारी उभं राहिलं.

मिनोबेंनी डोकं धरलं. हानावाबाईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, कोटाची बटणं नीट केली आणि जवळ गेल्या.

"तू कोण?"

तेत्सुजी आपल्या रबराच्या आत कान देऊन उभा राहिला. मधे दोन कातडी होती, तिचं एक आणि त्याचं एक, आणि पंख्याचा आवाज होता.

"काएरु," आतून ती म्हणाली.

हेल त्याला स्पष्ट ऐकू आला. त्यानं आपला जाडजूड पंजा उचलला, तिच्या पाठीमागे नेला, आणि बऱ्याच धडपडीनंतर तिची चेन वरपर्यंत लावून दिली.